कायद्यात भेद नव्हता, मग कर्जे कुणाला मिळाली?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने परतलेल्या सैनिकांना फुकट शिक्षण आणि घरे दिली आणि त्यातूनच तिथला मध्यमवर्ग उभा राहिला, असे वाचले. मग कृष्णवर्णीय सैनिक मागे कसे राहिले? कायद्यातच त्यांना वगळले होते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी दोन समजुती दूर करू. सरकारने घरे फुकट वाटली नाहीत. आणि कृष्णवर्णीयांना वगळणारे एकही कलम त्या कायद्यात नव्हते. जे घडले ते अंमलबजावणीत घडले.

कायदा झाला २२ जून १९४४ रोजी, म्हणजे युद्ध चालू असतानाच. एवढी घाई का? पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना कबूल केलेला बोनस १९४५ मध्ये मिळायचा होता. मंदीत खायचे वांधे झाल्यावर, १९३२ साली ते हजारोंच्या संख्येने वॉशिंग्टनमध्ये झोपड्या ठोकून बसले आणि सरकारने त्यांच्यावर लष्कर घातले. आता तर गणवेश उतरवणारे दीड कोटीच्या घरात असणार होते. ते बेकार होऊन रस्त्यावर आले तर काय, ही धास्ती सगळ्याच पक्षांना होती.

म्हणून नव्या कायद्याने हात सैल सोडला. शिकणाऱ्याला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि दरमहा भत्ता. काम नसेल त्याला आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. सुमारे २२ लाख माजी सैनिक या आधारावर कॉलेजात गेले. घराच्या बाबतीत मात्र सरकार फक्त जामीन राहिले. आपल्याकडे पतपेढीचे कर्ज काढताना जामीनदार लागतो, तसेच हे. जामीनदार कितीही भक्कम असो, कर्ज मंजूर करायचे की नाही हे बँकच ठरवते.

मेख इथेच होती. प्रतिनिधिगृहात हे विधेयक ज्या समितीकडे होते, तिचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन हे उघड वर्णद्वेष्टे. अंमलबजावणी राज्यांच्या आणि स्थानिक मंडळींच्या हाती राहावी, हा त्यांचा आग्रह. दक्षिणेत रोजगार कार्यालयातला अधिकारी गोरा, बँकेचा मॅनेजरही गोरा. १९४७ साली मिसिसिपीतल्या शहरांची पाहणी झाली, तेव्हा सरकारी जामिनावरची ३,२२९ कर्जे आढळली. त्यांतली कृष्णवर्णीयांना मिळालेली किती? दोन. दोन टक्के नव्हे, दोन कर्जे.

हा सारा दक्षिणेचाच दोष, असेही समजू नका. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहिली. साडेसातशे चौरस फुटांची, एका साच्यातली घरे, खास माजी सैनिकांसाठी. सुरुवातीला ती भाड्याने दिली जात. त्या भाडेकरारात अट होती की, गोऱ्यांखेरीज कोणी या घरात राहता कामा नये. घरकामाला ठेवलेले नोकर तेवढे चालतील. म्हणजे एकाच युद्धातून परतलेला सैनिक शेजारी म्हणून नको, नोकर म्हणून चालेल! हे कोणा एका बिल्डरच्या डोक्यातून आले नव्हते. कर्जांना विमा देणारे केंद्र सरकारचे गृहनिर्माण खातेच मिश्र वस्तीला धोक्याची गुंतवणूक मानत होते.

शिक्षणाचे दार थोडे अधिक उघडे होते. दक्षिणेतली सरकारी विद्यापीठे कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसत आणि त्यांच्यासाठीची वेगळी कॉलेजे लहान, त्यामुळे जागा अपुऱ्या पडत. तरीही अनेक जण शिकले. नॉर्मंडीहून परतलेले मेडगर एव्हर्स याच सवलतीवर मिसिसिपीतल्या ॲल्कॉर्न कॉलेजात शिकले आणि पुढे त्या राज्यातल्या नागरी हक्क चळवळीचे पुढारी झाले. १९६३ साली त्यांच्या घराच्या दारातच त्यांना गोळी घालून मारले.

घराचा मुद्दा जास्त महत्त्वाचा अशासाठी की, घराची किंमत वाढत जाते, त्याच्या तारणावर मुलांचे शिक्षण होते आणि शेवटी ते वारसांकडे जाते. पहिल्या पिढीलाच कर्ज नाकारले, की पुढच्या पिढ्यांचे भांडवलही तिथेच खुंटते. लेव्हिटटाउनसारख्या अटी न्यायालये अंमलात आणणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. पण त्यामुळे घरमालकाला नकार द्यायची मनाई झाली नाही. घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वर्णभेद करायला केंद्राच्या कायद्याने बंदी आली, ती १९६८ साली. युद्धावरून पंचविशीत परतलेला सैनिक तोवर पन्नाशीला आला होता.