पार्सलाची पोच : हक्क आणि दक्षता

ऑनलाइन खरेदीत विक्रेता व ग्राहक यांची गाठ पडत नाही. पैसे बहुधा आधी जातात, वस्तू मागाहून येते आणि मधला सारा प्रवास तिसऱ्याच्याच हाती असतो. त्यामुळे 'पार्सल मिळाले नाही' अशी तक्रार उद्भवली की कोण किती कळकळीने बोलतो याला फारसे महत्त्व उरत नाही. पार्सल कोणाच्या हाती दिले आणि त्याचा पुरावा काय, एवढ्याच मुद्द्यावर निर्णय होतो. बँकेत पैसे भरल्यावर स्थळप्रतीवर शिक्का घेतल्यावाचून न हलणारा ग्राहक पार्सलाच्या बाबतीत मात्र निष्काळजी राहतो, हे नवलच म्हणावयाचे.

समजा, एखाद्या ग्राहकाने 18,000 रुपयांचा मोबाइल मागविला व कार्डाने रक्कम चुकती केली. दुपारी घरी कोणी नसताना 'पार्सल पोहोचले' असा संदेश आला. सायंकाळी पाहतो तो दाराशी काही नाही, पहारेकऱ्याच्या वहीत नोंद नाही, शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. कंपनीकडे तक्रार करता तिने इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या खोक्याचे छायाचित्र दाखविले. खोके तेथे ठेवले गेले हे खरे. ते ग्राहकाला मिळाले हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

अशा वेळी कंपनीने दाद न दिल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे विवाद नोंदविता येतो. यालाच चार्जबॅक म्हणतात. ग्राहकाची बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे रकमेची परतमागणी करते, आणि विक्रेत्यास पोच सिद्ध करण्याची संधी मिळते. त्याने सही, ओटीपीची नोंद किंवा अन्य ग्राह्य पुरावा सादर केला, तर खात्यात तात्पुरती जमा झालेली रक्कम पुन्हा वळती होऊ शकते. विवाद नोंदविण्यास मुदत असते. म्हणून कंपनीच्या 'पाहतो, कळवितो' या उत्तरांवर महिनोन्‌महिने विसंबणे हिताचे नाही. रोखीने वस्तू घेतली असल्यास हा मार्ग उपलब्धच नसतो, कारण त्या व्यवहारात बँक कोठेच नसते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य ठरविले, ते त्रयस्थाकडून झालेल्या अनधिकृत व्यवहारांबाबत. मोबाइलची रक्कम ग्राहकाने स्वतःच्या संमतीने दिली होती. वस्तू न मिळणे हा निराळा विवाद आहे आणि तक्रारीच्या अर्जात तो तसाच लिहावा. चुकीचे कारण लिहिल्याने खरी तक्रारही रेंगाळते.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वस्तू हाती पडूनही 'मिळाली नाही' किंवा 'खोके रिकामे निघाले' असे सांगून रक्कम उकळणारे लोक आहेत. 2017 साली दिल्ली पोलिसांनी अटक केलेल्या एका तरुणावर, दीडशेहून अधिक महागडे मोबाइल मागवून खोकी रिकामी असल्याचे सांगत सुमारे 50 लाख रुपयांचे परतावे लाटल्याचा आरोप होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो अपुरे पत्ते देई, आणि पार्सलवाल्याचा फोन आला की वाटेतच गाठून खोके ताब्यात घेई. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 अन्वये फसवणूक करून मालमत्ता मिळविल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वाहतुकीसाठी सोपविलेल्या मालाचा अपहार करणाऱ्या वाहकासही कलम 316 खाली तेवढीच शिक्षा सांगितली आहे. 'एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो' असे म्हणणाऱ्यास हे ठाऊक नसते की पहिला संशय दारोदार हिंडणाऱ्या पार्सलवाल्यावर जातो, आणि पुढच्या प्रामाणिक तक्रारदारालाही शंकेच्या नजरेने पाहिले जाते.

मग ग्राहकाने करावे काय? महागडी वस्तू असल्यास खोके दारातच उघडून दाखविण्याची सोय निवडावी. ती नसेल तर चिकटपट्टी फाटलेली वा पुन्हा लावलेली दिसताच पार्सल परत पाठवावे. खोके उघडताना सलग चित्रफीत घ्यावी आणि तिच्यात आधी पत्त्याची चिठ्ठी व चारही बाजू याव्यात. मध्येच तुटलेल्या चित्रफितीवर कोणी विश्वास ठेवत नाही. चिठ्ठीवर वजन छापलेले असेल तर घरच्या काट्यावर ते पडताळणे हा साधा पण उपयुक्त उपाय आहे. घरी कोणी नसेल तर पार्सल कोणाकडे द्यावे हे आधीच कळवावे, आणि पहारेकऱ्याच्या वहीत वेळेसह नोंद करून घ्यावी.

ओटीपीबाबत तर विशेष सावधगिरी हवी. पोचेचा ओटीपी वस्तू प्रत्यक्ष हाती आल्यावरच सांगावा. फोनवर कधीच नाही. 'न मागविलेले पार्सल रद्द करावयाचे आहे, ओटीपी सांगा' असा फोन करून खात्यातील रक्कम काढून घेणाऱ्या टोळ्या आहेत. संदेश पूर्ण वाचला तर तो पार्सलाचा आहे की पैसे वळते करण्याचा, हे त्यातच लिहिलेले असते. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर आणि बँकेला तत्काळ कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 अन्वये कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. तेथे दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. विक्रेता देशात कोठेही असो, ग्राहक राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा 2019 च्या अधिनियमाने दिली आहे. नोकरीनिमित्त बदलीच्या गावी राहणाऱ्यांना ही तरतूद विशेष सोयीची आहे.