इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग

कासूहून महामार्गानें गोव्याच्या दिशेस निघालें म्हणजे नागोठण्याच्या पुढें सुकेळी खिंडीचा चढ लागतो. घरच्या ऑटोमॅटिक गाडींतून हा प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकांनीं एक गोष्ट अनुभवली असेल. चढावर इंजिन एकाएकीं मोठ्यानें घोंगावूं लागतें. गाडी मात्र तितक्या वेगानें धांवत नाहीं. मागें बसलेल्या आजीबाईंस वाटतें कीं, यंत्र बिघडलें! वास्तविक तसें नसतें. हा प्रकार काय आहे तें आज पाहूं.

बहुतेक गाड्यांत चालकापुढें दोन काटे असतात. एक गाडीचा ताशीं वेग दाखवितो. दुसरा इंजिनाचा दांडा मिनिटास किती हजार फेरे घेतो तें सांगतो. हा काटा ३ वर असला म्हणजे मिनिटास ३,००० फेरे, अर्थात् सेकंदास ५०. हे दोन वेग एकच नव्हेत; त्यांचा मेळ गिअर घालितो. गिअरच्या सायकलीवरून चढ चढतांना आपण पाय भराभर मारतों, चाक सावकाश फिरतें, पण श्रम हलके होतात. इंजिनही हेंच करितें. चढावर चालकानें ॲक्सिलरेटर अधिक दाबतांच गाडी आपण होऊन खालचा गिअर घेते, आणि काटा २ वरून ४ वरही उडतो.

आतां उभ्या गाडीचें पाहूं. तेव्हांही इंजिन सामान्यतः मिनिटास ७०० ते ९०० फेरे घेत असतें. मग चाकें कशीं थांबतात? पुष्कळ गाड्यांत तेलानें भरलेल्या डब्यांत दोन पंखे समोरासमोर असतात. पहिला इंजिन फिरवितें. त्यानें ढकललेलें तेल दुसऱ्यास फिरवितें, व दुसरा चाकांस. ब्रेक दाबला असतां दुसरा थांबतो, पहिला फिरतच राहतो. म्हणूनच 'डी' मध्यें ब्रेक सोडतांच गाडी सरकूं लागते. 'पी' लावून हातब्रेक ओढल्यावांचून चालकानें क्षणभरही आसन सोडूं नये. अंगणांत खेळणारीं मुलें कोणाच्या घरीं नसतात? २०१४ सालीं मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या प्रकारांत हे पंखे नाहींत. तेथें साधा क्लचच यंत्राकडून दाबला जातो. अशी गाडी चढावर मागें घसरूं शकते, हेंही ध्यानांत ठेवावें.

परंतु खरी परीक्षा उतारावर होते. सुकेळीचा उतार लहान. बोरघाटांतून खोपोलीस उतरावयाचें तर तो बराच लांब. सारखा ब्रेक दाबून ठेविल्यास घर्षणानें तो तापतो, त्यांतील द्रव उकळूं शकतो, आणि ऐन वेळीं पाय नुसताच खालीं जातो. म्हणून उताराच्या आरंभींच गिअरचा दांडा '२', 'एल' किंवा 'एम' वर घेऊन खालचा गिअर धरावा. काटा वर चढतो, इंजिन आवाज करितें, व तेंच गाडीस आवरून धरतें. काटा तांबड्या पट्ट्यास मात्र लागूं देऊं नये.

पेट्रोल वांचविण्यासाठीं कित्येकजण उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडतात. हा निव्वळ भ्रम होय. हल्लींच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरवरील पाय काढून गिअरमध्यें उतरतांना इंधनाचा पुरवठा बहुधा बंदच होतो. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन फिरतें ठेवण्यास इंधन जळावेंच लागतें. म्हणजे बचत नाहीं ती नाहींच, शिवाय इंजिनाचा आधारही गेला!

विद्यार्थिमित्रहो, सुट्टींत प्रवासास जाल तेव्हां मागें बसून दोन्ही काटे न्याहाळा. चढावरील घोंगावणें म्हणजे इंजिनाचे श्रम, आणि उतारावरील घोंगावणें म्हणजे त्यानें घेतलेली आपली काळजी, हें घरच्या वडील मंडळींस समजावून सांगा. त्या आवाजास भिऊन न्यूट्रल लावण्याचा मोह त्यांतून टळला, तरी या धड्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.