आधी धूर, मग मित्र

जेवण झालं की आमच्या विंगमध्ये रोज एक आरोळी ऐकू येते, "अरे नॉक झालो, या की कोणीतरी!" मग दुसरी आरोळी, तिसरी... चौथ्याची आरोळी येत नाही, तो नुसता मोबाईल गादीवर आपटतो. मेसच्या पोळीपेक्षा या प्रकारात जास्त सातत्य आहे! म्हणून म्हटलं, यंदा मासिकात चारोळ्या देण्याऐवजी याचाच थोडा अभ्यास मांडावा. (न खेळणाऱ्या सरांनीही वाचायला हरकत नाही, पुढे थोडी भूमिती आहे.)

बीजीएमआयमध्ये स्क्वॉड चार जणांचा. गोळ्या लागून एखादा 'नॉक' झाला तर तो लगेच मरत नाही. तो रांगू शकतो, पण बंदूक चालवू शकत नाही आणि उरलीसुरली हेल्थ गळत राहते. साथीदाराने जवळ जाऊन साधारण 10 सेकंद बसायचं, की तो उठतो. आता या 10 सेकंदांत दोघांनाही जागचं हलता येत नाही. म्हणजे जिथे शत्रूने एकाला टिपलं, नेम जिथे आधीच लागलेला आहे, तिथे आपण त्याला दुसरं स्थिर टार्गेट नेऊन देतो. चांगला खेळणारा शत्रू म्हणूनच नॉक झालेल्याला लगेच संपवत नाही. गळाला लावलेल्या गांडुळासारखा तसाच ठेवतो.

हॉस्टेल डेच्या फायनलला आमचं हेच झालं. पोचिंकी गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात आमचा फर्स्ट इयरचा पोरगा पडला. सगळ्यात आधी मी धावलो. मैत्री वगैरे सगळं ठीक, पण तिसऱ्या सेकंदाला मी त्याच्या शेजारी रांगत होतो. मग उरलेले दोघे आम्हाला वाचवायला आले...

तर पहिला मुद्दा. वाचवायचं म्हणजे आधी शत्रूची नजर तोडायची. त्यासाठी स्मोक. पण आपल्यातले शंभरातले नव्वद जण (आकडा माझा, सर्व्हे नाही) स्मोक टाकतात तो थेट मित्राच्या अंगावर. धूर गोळी अडवत नाही, फक्त दृश्य अडवतो. शत्रूला कळतं की पोरगं या ढगात आहे, तो ढगातच मॅगझिन रिकामं करतो. आता समरूप त्रिकोण आठवा. शत्रू आणि मित्र यांत 60 मीटर अंतर आहे आणि ढगाची रुंदी 5 मीटर आहे असं धरू. ढग मित्रापाशी असेल तर 5 मीटरचाच पट्टा झाकला जातो. तोच ढग मध्यावर, 30 मीटरवर पडला, तर मित्राच्या रेषेत 10 मीटरचा पट्टा झाकला जातो. तेवढ्याच स्मोकमध्ये दुप्पट आडोसा, आणि त्यात तुम्ही नेमके कुठे बसला आहात हे शत्रूला शोधत बसावं लागतं. म्हणून हात पोचेल तितका पुढे फेका. आणि ढग नीट पसरेपर्यंत थांबा! ते दोन-तीन सेकंद फार जड जातात, पण थांबा.

दुसरं म्हणजे कव्हर फायर. 30 गोळ्यांचं मॅगझिन सलग दाबलं तर तीन सेकंदांच्या आत संपतं. दोघांनी एकदम दाबलं की दोघेही एकदम रीलोडला, आणि शत्रू आरामात डोकं वर काढतो. एकाने थोड्या गोळ्या सोडाव्यात, तो थांबला की दुसऱ्याने. शत्रू दिसायलाच हवा असं नाही, त्याच्या खिडकीच्या कडेला माती उडत राहिली तरी पुरे. 2011 च्या 'बॅटलफील्ड 3' मध्ये तर जवळून गोळ्या गेल्या की समोरच्याचा स्क्रीनच धूसर व्हायचा. आपल्या गेममध्ये ती सोय नाही, इथे फक्त त्याची भीती उपयोगाला येते.

काउंटर-स्ट्राइकवाल्यांचं गणित वेगळं. (मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी 1999 मध्ये 'हाफ-लाइफ'वर केलेला मॉड तो. सबमिशन कधी करायचे देव जाणे.) तिथे उठवणं नाही, मेला तो राउंड संपेपर्यंत मेला. त्यामुळे रक्षण म्हणजे 'ट्रेड'. पुढच्यावर गोळी सुटली त्या क्षणी शत्रूचा नेम पुढच्यावर आहे, बंदूक रिकॉइलने वर गेली आहे. मागचा दोन पावलांवर असेल तर हिशोब तिथेच चुकता होतो. दहा पावलांवर असेल तर शत्रू पुन्हा तयार! आणि इथे थोडं कडू बोलतो. आपण सीनिअर लोक "जा रे तू पुढे" म्हणून ज्युनिअरला दारात ढकलतो आणि स्वतः मागच्या पेटीआड बसतो. मग तो मेला की, "काय खेळतोस!" पुढे पाठवलं तर दोन पावलांवर राहायचं, नाहीतर पाठवायचं नाही. मीही हे केलेलं आहे.

शेवटचं, बोलणं. फायनल हरल्यावर रात्री चहाला तो फर्स्ट इयरचा पोरगा हळूच म्हणाला, "दादा, मी दोनदा सांगितलं होतं, नको येऊ म्हणून. दुमजली घराच्या वरच्या खिडकीत होता तो." आम्ही तिघेही तेव्हा ओरडत होतो. कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या रूमचा नियम आहे. जो पडला तो बोलणार, बाकीचे गप्प. वरच्या कंपासवरचा आकडा, आडोसा, किती जण, एवढंच. काल रात्री तोच पुन्हा शेतात पडला. "240, झाडामागे, एकच आहे. स्मोक टाक दादा... अजून नको... अजून नको... हां, आता ये."