कागद उभा राहतो

[उघडताच ज्यांतील चित्रे उभी राहतात किंवा हलतात, अशी पुस्तके तुम्ही पाहिली असतील. ती कशी तयार होतात आणि त्यांची सुरुवात कशी झाली, याची माहिती या पाठात दिली आहे.]

ईदला किंवा वाढदिवसाला तुम्हांला कधी असे भेटकार्ड मिळाले आहे का? कार्ड उघडले, की आतून एखादे फूल किंवा मिनार उभा राहतो. कार्ड मिटले, की तो पुन्हा आत लपतो. त्यात तार नसते, स्प्रिंगही नसते. असतो तो फक्त कागद. मग हा कागद उभा कसा राहतो?

चला, आपण करूनच पाहू. 20 सेंटीमीटर रुंदीचा एक जाड कागद घ्या. त्याला मधोमध घडी घाला. आता घडीच्या बाजूने कात्रीने 3 सेंटीमीटर लांबीचे दोन सरळ काप द्या. दोन कापांमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवा. मधली पट्टी एकदा पुढे व एकदा मागे दुमडा. मग कागद अर्धा उघडा आणि ती पट्टी आतल्या बाजूला ढकला. कागद मिटून पुन्हा उघडा. एक छोटी पायरी उभी राहिलेली दिसेल. तिच्यावर चित्र चिकटवा, की झाले तुमचे भेटकार्ड!

समजा, काप 3 ऐवजी 6 सेंटीमीटर लांबीचे दिले, तर? पायरी मोठी होईल. पण कार्ड मिटताच तिचे टोक 2 सेंटीमीटर बाहेर येईल. कारण कार्ड मिटल्यावर पट्टीचे टोक घडीपासून कापाच्या दुप्पट अंतरावर पोचते आणि आपले पान तर 10 सेंटीमीटरच रुंद आहे. म्हणून या कामात चित्रकलेइतकाच हिशेबही लागतो. अशी रचना करणाऱ्या कलावंताला पेपर इंजिनिअर म्हणतात, ते उगीच नाही.

हलणारा कागद प्रथम मुलांच्या पुस्तकांत आला असेल, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. तो आला विद्वानांच्या ग्रंथांत. जर्मनीतील इंगोलश्टाट येथे पीटर आपियान नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. 1540 साली त्यांनी खगोलशास्त्रावरचा एक मोठा ग्रंथ छापला. त्याच्या पानांवर कागदाच्या रंगीत चकत्या एकीवर एक बसवल्या होत्या. चकत्या फिरवल्या, की ग्रहांची स्थाने कळत. लांबलचक आकडेमोड करावी लागत नसे. त्याच शतकात शरीररचनेची चित्रेही अशी निघाली, की कागदाची झडप उचलताच शरीराच्या आतील अवयव दिसत. वाचणाऱ्याने नुसते डोळ्यांनी नव्हे, तर हातानेही शिकावे, हा त्यामागचा विचार होता.

मुलांच्या पुस्तकांत या कलेला बहर आला, तो पुढे एकोणिसाव्या शतकात. म्युनिक शहरातील लोथार मेगेनडॉर्फर (1847–1925) हे त्यातले मोठे नाव. त्यांच्या पुस्तकात पानाच्या कडेची एक पट्टी ओढली, की चित्रातील माणसाचे हात, डोळे, जबडा असे अनेक भाग एकदम हलत. दोन पानांच्या मध्ये कागदी पट्ट्या लपवलेल्या असत. तांब्याच्या बारीक तारेच्या गुंडाळ्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असत. 1887 साली निघालेले त्यांचे सर्कसचे पुस्तक उलगडले, की सर्कशीचे रिंगणच समोर उभे राहते.

पुढे प्राग शहरात वोयतेख कुबाश्ता (1914–1992) यांनी ही कला सोपी केली. त्यांचे शिक्षण वास्तुशास्त्राचे होते. जाड कागदाला मोजके काप आणि घड्या देऊन ते राजवाडे, जहाजे आणि जंगले उभी करत. त्यांची पुस्तके अनेक भाषांत निघाली.

आज चित्रे यंत्रावर छापली जातात. त्यांचे भागही यंत्राने कापले जातात. पण हे भाग दुमडून, जागच्या जागी चिकटवण्याचे काम अजूनही बहुतेक हातानेच होते. कारागिरांची एक रांग बसते. एक जण घडी घालतो, दुसरा गोंद लावतो, तिसरा तुकडा बसवतो. एखादा तुकडा थोडासा जरी सरकला, तरी पान नीट मिटत नाही. पुस्तकावर चित्रकाराचे नाव असते. या कारागिरांची नावे मात्र बहुधा कोठेच नसतात.

अशी जुनी पुस्तके आज धडधाकट स्थितीत क्वचितच सापडतात. मुलांनी ती आवडीने हाताळली, पट्ट्या जोरात ओढल्या आणि त्या तुटल्या. यात मुलांचा तरी काय दोष? हे पुस्तक वाचकाने हात लावल्याशिवाय पुरे होतच नाही. म्हणून असे पुस्तक हाती आले, तर ते अवश्य उघडा, पट्टी ओढा, चकती फिरवा. पण हळुवार हाताने. कोणाच्या तरी हातांनी ते तितक्याच हळुवारपणे जोडलेले असते.

शब्दार्थ
काप – कात्रीने दिलेला छेद
चकती – गोल, चपटा तुकडा
आकडेमोड – हिशेब
झडप – उघडता येणारे झाकण
धडधाकट – न मोडलेले, चांगल्या स्थितीतील

स्वाध्याय
1. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आपियान यांच्या ग्रंथातील चकत्यांचा उपयोग काय होता?
(आ) मेगेनडॉर्फर यांच्या पुस्तकातील चित्रे कशी हलत?
2. कारणे द्या : 10 सेंटीमीटर रुंदीच्या पानाला 6 सेंटीमीटरचा काप देऊन चालत नाही.
3. वाक्यांत उपयोग करा : बहर येणे, समोर उभे राहणे.
4. पाठात सांगितल्याप्रमाणे भेटकार्ड तयार करा. त्यात आपल्या मित्राला किंवा मैत्रिणीला मराठीत दोन ओळी लिहा.