प्रवाळ-मत्स्यालयातील मॅग्नेशियम

काचेच्या टाकीत मासे पाळणे आणि त्याच टाकीत जिवंत प्रवाळ जगवणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. मासा पाण्यात राहतो. प्रवाळ पाण्यातूनच आपले घर बांधते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ते ॲरॅगोनाइट या खनिजाचा सांगाडा रचते. म्हणून टाकीची देखभाल करणारा कॅल्शियम आणि अल्कता, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, नियमाने मोजतो. मॅग्नेशियमकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. आम्ही इतिहासाचे अध्यापक असल्यामुळे या विषयाकडे प्रथम इतिहासाच्या वाटेनेच जात आहोत.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्याचे कडू पाणी औषधी म्हणून प्रसिद्ध झाले. त्यातील क्षारावर नेहेमाया ग्रू यांनी १६९५ मध्ये ग्रंथ लिहिला. हाच आजचा एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तरीही मॅग्नेशिया आणि चुना ही दोन्ही पांढरी द्रव्ये दीर्घकाळ एकच मानली जात. ती भिन्न आहेत, हे १७५५ च्या सुमारास जोसेफ ब्लॅक यांनी प्रयोगाने दाखवले. १८०८ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी हा धातू प्रथम वेगळा केला. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस यांनी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजल तयार केले. त्यात चार क्षार होते : मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चारांपैकी दोन मॅग्नेशियमचे होते, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगातील महासागरांची पाहणी केली. त्या सफरीत गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केले व १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कमी खारे असो वा अधिक, त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ सारखेच राहते, असे त्यातून सिद्ध झाले. एक किलो समुद्रजलात सर्वसाधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम असते. टाकीतील पाणी याच मापांच्या जवळ ठेवायचे असते.

आता मॅग्नेशियमचे कार्य पाहू. उष्ण सागरांच्या पृष्ठभागाच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट त्याच्या विद्राव्यतेच्या मर्यादेहून कितीतरी अधिक असते. मग बंबाच्या आत क्षारांचा थर धरतो तसा समुद्रात सर्वत्र साका का बसत नाही? याचे एक प्रमुख कारण मॅग्नेशियम हे आहे. कॅल्शियम कार्बोनेटचा सूक्ष्म स्फटिक तयार होऊ लागताच मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागावर बसतात व त्याची वाढ रोखतात. शिवाय काही कार्बोनेट मॅग्नेशियमशी जोडी करून राहते. त्यामुळे हे बांधकामाचे साहित्य पाण्यात टिकून राहते आणि प्रवाळाला मिळते.

मॅग्नेशियम घटले की हा पहारा सैल होतो. टाकीतील हीटरवर व पंपावर पांढरा थर जमतो, कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही घसरतात. पाहणारा घाबरून त्यांचीच मात्रा वाढवतो. त्यातून आणखी साका बसतो. खर्च वाढतो, पंप अडतो आणि प्रवाळाची वाढ खुंटते. म्हणून या दोन घटकांची पातळी टिकत नसेल, तर नवी मात्रा देण्यापूर्वी मॅग्नेशियम मोजावे, हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

मॅग्नेशियम मोजण्याआधीही खारेपणा मोजावा. दर किलो पाण्यात ३५ ऐवजी ३१ ग्रॅमच क्षार असतील, तर डिटमार यांच्या निष्कर्षानुसार मॅग्नेशियमही सुमारे ११५० मिलिग्रॅमच भरेल. अशा वेळी उणीव एका घटकाची नसून सर्व क्षारांची असते. उपाय खारेपणा हळूहळू वाढवण्याचा आहे.

खारेपणा योग्य असूनही मॅग्नेशियम कमी आढळले, तर हिशेब असा मांडावा. टाकीत प्रत्यक्ष २०० लिटर पाणी आहे. खडक व वाळूने व्यापलेली जागा यात धरायची नाही. पातळी १२०० वरून १३०० मिलिग्रॅमवर न्यायची आहे. दर लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण २० ग्रॅम मॅग्नेशियम हवे. स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये वजनाच्या सुमारे १२ टक्के मॅग्नेशियम असते. म्हणून ते सुमारे १६७ ग्रॅम लागेल. एप्सम सॉल्टमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांहून किंचित कमी असते. केवळ एप्सम सॉल्ट वापरत राहिल्यास पाण्यात सल्फेट साचते. म्हणून मुख्य भर क्लोराइडवर ठेवून त्याला सल्फेटची अल्प जोड द्यावी. द्रव्ये शुद्ध प्रतीची असावीत, शुद्ध पाण्यात विरघळवून प्रवाह जोरात असेल तेथे ओतावीत. संपूर्ण मात्रा दोन ते चार दिवसांत विभागून द्यावी व त्यानंतर पुन्हा मोजावे. प्रवाळाच्या सांगाड्यात मॅग्नेशियम थोडेच जाते, गुलाबी कोरलाइन शैवालात त्याहून अधिक. तरी एकूण खप कॅल्शियमच्या मानाने बराच कमी असतो. त्यामुळे नियमित पाणी बदलणाऱ्या लहान टाकीत महिन्यातून एक-दोनदा मोजणे बहुधा पुरते. १२५० ते १३५० च्या दरम्यान पातळी असल्यास काहीही घालू नये.

आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ घरच्या टाकीसाठी नाही. समुद्राच्या अफाट पाण्यात जे संतुलन आपोआप टिकते, ते टाकीच्या थोड्या पाण्यात माणसालाच राखावे लागते, आणि तेथे चुकीची किंमत एक मुका जीव मोजतो.

स्वाध्याय : एका टाकीत प्रत्यक्ष पाणी १५० लिटर, खारेपणा योग्य आणि मॅग्नेशियम १२१० मिलिग्रॅम आहे. ते १३०० वर नेण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइड किती ग्रॅम लागेल? ते किती दिवसांत विभागून द्याल, व का?