ब्रेकर पडला, बॉक्स मात्र जिवंत

चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात ६.६ केव्हीच्या मोटरची केबल बदलायची होती. शटडाऊन रीतसर घेतलेलं होतं. ब्रेकर रॅक-आउट, अर्थिंग स्विच लावलेला, पॅनेलला कुलूप, परमिटवर सह्या. तरी टर्मिनल बॉक्समध्ये हात घातलेला हेल्पर शॉक बसून मागे फेकला गेला. जीव वाचला, कोपर फुटलं. एचटी केबल खरोखरच डेड होती. शॉक बसला तो स्पेस हीटरच्या २३० व्होल्टचा.

मोटर थांबल्यावर वाइंडिंगने ओल धरू नये म्हणून हा हीटर असतो. ब्रेकर पडला की तो आपोआप चालू व्हावा, अशीच जोडणी बहुतेक ठिकाणी करतात आणि सप्लाय वेगळ्या एलटी पॅनेलमधून येतो. म्हणजे आपण एचटी बंद करतो, नेमका तेव्हाच हीटर जिवंत होतो. त्या मोटरवर कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत हीटरच्या वायरी मुख्य बॉक्समधूनच नेल्या होत्या. परमिटवर हीटरचं नावही नव्हतं.

मोठ्या चिलरवर हा धोका वाढतो. मशीन बंद असलं तरी गॅस तेलात मिसळू नये म्हणून ऑइल हीटर चालू ठेवतात, कंट्रोल पॅनेलचा सप्लाय वेगळा, पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर त्यात चार्ज उरलेला. म्हणून आधी प्रत्येक सप्लायचा उगम शोधा आणि तिथे कुलूप लावा. डिटेक्टर चालू लाइनवर तपासा, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा चालू लाइनवर तपासून घ्या. त्यानंतर तिन्ही फेज अर्थ करा.

मेगर केल्यावरची घाई मला सर्वांत जास्त खटकते. पीआय (पोलरायझेशन इंडेक्स) टेस्ट १० मिनिटं चालते. त्यानंतर वाइंडिंग चौपट वेळ, म्हणजे किमान ४० मिनिटं अर्थला धरून ठेवायला हवं. डिस्चार्ज रॉड क्षणभर टेकवला की झालं, असं समजणारे अनुभवी लोकही आहेत. आणि हर्मेटिक चिलरमध्ये व्हॅक्यूम ओढलेला असताना मेगर लावूच नका. तिथे एरवी सोसेल एवढ्या व्होल्टेजलाही ठिणगी उडते आणि वाइंडिंग जातं.

केबलचं टोक करताना सुरीचा ओरखडा इन्सुलेशनवर पडला, तर टर्मिनेशन त्या दिवशी पास होतं आणि काही महिन्यांनी फुटतं. ग्लँड प्लेटचं रिकामं भोक तर आपल्या जंगलपट्ट्यात मोकळं सोडूच नये. दोन फेजच्या मध्ये करपलेली पाल आणि शेजारच्या इन्सुलेटरवर काजळीची रेघ मी पाहिली आहे. भोकाला ब्लँकिंग प्लग लावायला पाच मिनिटं लागतात.

चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रापासून गडचिरोलीतल्या कोनसरीच्या लोहप्रकल्पापर्यंत एचटी मोटरशिवाय काम चालत नाही, आणि त्यांच्या बॉक्समध्ये हात घालणारी बरीचशी पोरं आयटीआय करून ठेकेदाराकडे लागलेली असतात. पोरांनो, परमिट इंग्रजीत असेल तर साहेबांकडून मराठीत समजावून घ्या. हीटर, कंट्रोल सप्लाय आणि कपॅसिटर यांची नोंद त्यात नसेल, तर सही करू नका आणि बॉक्सचा बोल्टही सैल करू नका.