टॅब सुरूच होत नाही? आधी थांबा, मग बटण दाबा



या वेळचा पाठ टॅबचा आहे. टॅब बंद पडला की आपल्याला पहिली भीती वाटते ती "माझ्याकडून बिघडला" याची. दुसरी घाई होते ती "कसाही करून चालू करा" याची. या घाईत माझ्याकडूनच एक चूक झाली. ती आधी सांगते.

हप्त्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी एका गावातला टॅब कंपनीच्या नावावरच अडकला. नाव यायचं, जायचं, पुन्हा यायचं. आमची ताई टॅब कापडी पिशवीत घालून लोकलने उल्हासनगरला आली. आम्ही दोघी रिक्षाने कॅम्प २ मधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नीट विचारलं होतं, "मॅडम, डेटा चाहिए या सिर्फ टॅब चालू चाहिए?" मी म्हटलं, "चालू पाहिजे." त्याने सॉफ्टवेअर मारलं आणि टॅब सुरू झाला. पण नेट नसताना भरलेल्या, वर न गेलेल्या दोन बैठकांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

ज्या गटांनी रजिस्टर लिहिलं होतं, त्यांचं काम एका दुपारी झालं. एका गटाने मात्र टॅब आल्यापासून रजिस्टर बंद केलं होतं. तिथे प्रत्येकीचं पासबुक मागवावं लागलं. एका मावशींचे ५०० रुपये पासबुकातही चढलेले नव्हते. "मी भरलेत गं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेजारी बसलेल्या दोघींनी पैसे देताना पाहिलं होतं, म्हणून नोंद झाली. पाहिलं नसतं तर? मावशी खऱ्या असून खोट्या ठरल्या असत्या. म्हणून हा पाठ.

घरी काय करून बघायचं?

१. टॅबच्याच चार्जरने निदान अर्धा-एक तास चार्ज करा. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर लगेच काहीच दिसत नाही. वायर आणि प्लग बदलूनही बघा.

२. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र १० ते १५ सेकंद दाबून धरा. काही टॅबमध्ये नुसतं पॉवरचं बटण ३० सेकंद धरावं लागतं. यात डेटा जात नाही.

३. सुरू झाला तर आधी नेट जोडा आणि नोंदी सिंक करा. बाकी सगळं नंतर.

४. तरीही नावावरच अडकला तर टॅब बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबतात. बऱ्याच टॅबमध्ये काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी येते. आवाजाच्या बटणाने वर-खाली जायचं, पॉवरने निवडायचं. 'रिबूट सिस्टीम नाऊ' निवडायला हरकत नाही. 'वाइप कॅशे पार्टिशन' असेल तर तेही चालतं, त्याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात. पण 'वाइप डेटा / फॅक्टरी रिसेट' ला हात लावू नका. त्याने टॅबमधलं सगळं पुसलं जातं.

एवढं करून चालला नाही तर टॅबची मूळ प्रणाली, म्हणजे अँड्रॉइड, नव्याने टाकावी लागू शकते. दुकानात यालाच 'सॉफ्टवेअर मारणं' म्हणतात. रिसेटमध्ये घर रिकामं होतं, भिंती त्याच राहतात. इथे भिंतीच नव्याने बांधतात. त्यासाठी संगणक लागतो आणि त्याच मॉडेलची फाइल लागते. चुकीची फाइल पडली किंवा मध्येच वायर निघाली तर टॅब कायमचा बंद पडू शकतो. म्हणून हे घरी करायचं नाही.

दुकानात जाताना

- वॉरंटी असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जा. आधी प्रभागसंघाला कळवा.
- सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्या.
- पहिलं वाक्य हेच बोला: "आधी डेटा वाचतो का बघा, मला विचारल्याशिवाय पुसू नका." काही वेळा डेटा न पुसता सॉफ्टवेअर टाकता येतं. पण आपण विचारलं तरच.
- मॉडेल नंबर, बिघाड आणि खर्च लिहिलेली पावती घ्या.
- टॅबचा जीमेल आयडी आणि पासवर्ड माहीत असू द्या. रिसेटनंतर टॅब जुनाच आयडी मागतो. टॅब चोरीला गेला तर चोराला वापरता येऊ नये म्हणून ही सोय आहे. आयडी आठवला नाही तर आपणच बाहेर राहतो.
- बँकेचा पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.

टॅब परत आला की बैठकीत सगळ्यांसमोर उघडा आणि मागच्या नोंदी रजिस्टरशी जुळवा.

आणि हो, टॅब बिघडणं हा ताईचा गुन्हा नाही. यंत्र आहे, बिघडतं. लपवून ठेवलं तर मात्र नुकसान वाढतं. त्याच दिवशी फोन करा, कोणी रागावणार नाही.

पुढच्या बैठकीचं काम: शेवटचं सिंक कधी झालं ते बघा. टॅबचा मॉडेल नंबर आणि जीमेल आयडी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. पासवर्ड तिथे नको, तो अध्यक्ष आणि सचिव या दोघींकडे बंद पाकिटात ठेवा. आणि ज्या गटाने रजिस्टर बंद केलंय, त्यांनी ते याच बैठकीपासून पुन्हा सुरू करा. त्या मावशींसाठी तरी.